ट्रेलोच्या बोर्डावर केळी, बांधकाम आणि कागदपत्रं: रकाने कसे पाडावेत?

यावलकर

राम राम मंडळी. ट्रेलोवर (कामांची कार्डं रकान्यांत लावायचं अॅप) एक बोर्ड उघडला आहे. रकाने नेहमीचे तीन: करायचं आहे, चालू आहे, झालं. पहिल्यात आज ८४ कार्डं आहेत, दुसऱ्यात १९, आणि तिसऱ्यात महिन्याभरात जेमतेम १० गेली.

कामं चार प्रकारची. साडेतीन एकर केळी (दोन एकर मृगबाग, म्हणजे जून-जुलैची लागवड, आणि दीड एकर कांदेबाग, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची), घरावर चढवायचा मजला, मुलीच्या जात पडताळणीची आणि प्रवेशाची कागदपत्रं, आणि घरचं किरकोळ.

विचारायचं असं: चार बोर्ड करावेत की एकच? अर्धवट अडकलेली कामं कुठे ठेवायची? घरातली दोन माणसं आणि सालदार यांना यात कसं घ्यायचं? सगळं फोनवरच चालणार आहे, तेव्हा फुकटच्या खात्यात बसेल असं सांगा.

पांझरा

यावलकर भाऊ, अडचण काय आहे ते तुमच्या आकड्यांतच दिसतंय. चालूमध्ये १९ कार्डं आणि महिन्याला १० पूर्ण, म्हणजे एकदा हातात घेतलेलं काम सरासरी जवळजवळ दोन महिने हातातच राहतं. हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं रांगेचं सूत्र आहे. रांगेत सरासरी जितके उभे, त्याला दर महिन्याला बाहेर पडणाऱ्यांनी भागा. एकाला लागणारा वेळ मिळतो. कामाचा वेग आहे तोच ठेवला आणि १९ चे ५ केले, तर दोन महिन्यांचे पंधरा दिवस होतात.

म्हणून रकान्यांची नावं ठरवण्याआधी मर्यादा ठरवा. एका माणसाच्या हातात एका वेळी तीन कार्डं, फार तर चार. ती मर्यादा रकान्याच्या नावातच लिहून टाका. ‘लिस्ट लिमिट्स’ नावाचं पॉवर-अप (बोर्डाला जोडायची जादा सोय) आहे, आकडा ओलांडला की रकान्याचा रंग बदलतो. पण ते चौथं कार्ड टाकताना तुम्हाला अडवत नाही, अडवायचं काम तुमचंच.

रकाने असे पाडा:

आवक
पुढे कधीतरी
या आठवड्यात (१०)
हातात (३)
अडकलंय
झालं

‘आवक’ म्हणजे बाजार समितीत गाडी उतरते ती जागा. फोनवर बोलताना, शेतात फिरताना सुचलेलं काम एका ओळीत तिथे टाकायचं आणि पुढे चालायचं. तिथे लेबल, तारीख, वर्णन काही भरत बसू नका, नाहीतर टाकणंच बंद होतं. रात्री पाच मिनिटांत ‘आवक’ रिकामी करायची: दोन मिनिटांत होणारं तेव्हाच करून टाका, बाकीचं ‘या आठवड्यात’ किंवा ‘पुढे’, आणि नको असलेलं आर्काइव्ह.

‘हातात’ मध्ये कार्ड ढकलायचं नाही. तिथलं एक बाहेर पडलं की मगच डावीकडून एक ओढायचं. टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी जी कार्डपद्धत बसवली तिचं मर्म हेच होतं. पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवून मागितल्याशिवाय मागच्याने सुटा भाग बनवायचा नाही. कानबान या जपानी शब्दाचा अर्थच ‘पाटी’. ट्रेलो २०११ मध्ये आलं तेव्हा तीच पाटी पडद्यावर आली, पण बहुतेकांनी पाटी घेतली आणि मर्यादा सोडून दिली.

बोर्ड एकच ठेवा. चार बोर्ड केले की रोज चार जागी डोकावावं लागतं, आणि ज्याचं टेन्शन जास्त तोच बोर्ड सारखा उघडला जातो. बाकीचे तीन पडून राहतात.

अनेर_थडी

पांझरा यांचं मर्यादेचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण एकच बोर्ड हे केळीवाल्याला जमणार नाही, आणि कारण साधं आहे. केळीच्या एका बागेची लागवडीपासून कटाईपर्यंत सहज २५ ते ३० कार्डं होतात. दोन बागा म्हणजे ६०. ती सगळी ‘पुढे’ मध्ये घातली तर बाकीचं काही दिसणारच नाही.

म्हणून रोजचा बोर्ड एक, आणि मागे साठवणीचे बोर्ड. फुकटच्या खात्यात एका वर्कस्पेसमध्ये (बोर्डांच्या गटात) १० बोर्ड बसतात, तेव्हा जागेची अडचण नाही. केळीच्या बोर्डावर प्रत्येक बागेला एक रकाना करा: ‘मृगबाग २ एकर’, ‘कांदेबाग दीड एकर’. रविवारी त्या रकान्यातून येत्या आठवड्याची कार्डंच रोजच्या बोर्डावर हलवायची. कार्ड हलवताना बोर्ड निवडायची सोय आहे, कॉपी करायची गरज नाही. कॉपी केलं की एकच काम दोन जागी राहतं, एकीकडे झालं आणि दुसरीकडे नाही असं दिसतं.

आता कार्डांबद्दल, कारण ८४ मधली निम्मी बहुतेक कार्डंच नसतील. ‘केळी’ हे कार्ड नाही. ‘ठिबक’ हे कार्ड नाही. शेवटी क्रियापद नसेल तर ते काम नाही, विषय आहे. ‘ठिबक’ च्या जागी ‘खालच्या दोन ओळींचे बंद ड्रिपर मोजणे’ लिहा. मोजल्यावर किती बदलायचे ते कळेल, मग ‘अमुक इतके ड्रिपर आणणे’ हे पुढचं कार्ड. जी पुढची एकच गोष्ट हातापायांनी करता येते ती कार्डावर.

केळीसाठी एक नमुना रकाना बनवून ठेवा आणि दर लागवडीला तो पूर्ण रकाना कॉपी करा. लागवड मागेपुढे झाली तर ट्रेलो बाकीच्या तारखा आपोआप सरकवत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून नमुन्यात तारीख अजिबात घालू नका, नावाच्या सुरुवातीला लागवडीच्या किती दिवस आधी (-) की नंतर (+) ते लिहा:

‘-७ | रोपांची संख्या पक्की करणे’. ५ बाय ५ फुटांवर एकरी १७४२ रोपं, ६ बाय ५ वर १४५२. वर्णनात हा आकडा आणि नांग्यांसाठी (रोप मेलेल्या रिकाम्या जागांसाठी) जादा रोपं किती ते लिहा.
‘+२० | नांग्या भरणे’
‘+३० | पिलं कापणे, पहिली फेरी’
‘+१०० | मातीची भर लावणे’

लागवड झाल्या दिवशी पंधरा मिनिटं बसून खऱ्या तारखा घाला. दिवस आपापल्या बागेप्रमाणे बदला, हे फक्त दाखवण्यापुरते आहेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती निसवणीत, म्हणजे झाडाला केळफूल येतं तेव्हा. निसवण एका दिवशी होत नाही, काही आठवडे चालते. त्यामुळे ‘केळफूल कापणे’ याला एक तारीख देऊन काही उपयोग नाही. तारीख येते तेव्हा निम्म्या झाडांना फूलच नसतं, आणि एकदा ‘झालं’ मध्ये टाकलं की उरलेली निम्मी झाडं बोर्डावरून गायब. अशा कामाला फेरीचं कार्ड करा: ‘केळफूल, जादा फण्या, पिशवी: फेरी’. आत चेकलिस्ट तीन ओळींची. फेरी झाली की तारीख चार दिवस पुढे ढकलायची, कार्ड तेच. शेवटच्या झाडाचं झालं की मगच ते ‘झालं’ मध्ये जाईल. सीएमव्हीचं (केळीवरचा विषाणूजन्य रोग) झाड शोधून उपटायची पावसाळ्यातली फेरीही अशीच चालवा. कमेंटमध्ये दर फेरीला किती झाडं उपटली तो आकडा टाकत गेलात तर रोग वाढतोय की थांबलाय हे त्या एका कार्डावर दिसतं.

कटाईच्या अंदाजासाठी निसवणीचा आठवडा लिहिलेला हवा. निसवणीपासून साधारण ९० ते ११० दिवस धरतात, थंडीत जास्त. ‘४० टक्के निसवण’ अशी कमेंट तारखेसकट पडली की व्यापाऱ्याशी बोलायला ती पुरते.

भुसावळकर

बांधकामाचं थोडक्यात.

घरबांधणीत माणसं मोठी चेकलिस्ट करतात आणि कार्डाला एकच शेवटची तारीख देतात. ट्रेलो आठवण करून देणार त्या शेवटच्या तारखेची, मधल्या पायऱ्यांची नाही. चेकलिस्टच्या ओळीला स्वतंत्र तारीख देणं हे पैसे भरलेल्या खात्यात आहे. म्हणून नियम एवढाच पाळा: ज्या पायरीला तारीख आहे ती कार्ड, जिला नाही ती चेकलिस्टची ओळ. ओळीला मधेच तारीख आली तर त्या ओळीवरून ‘कार्डात रूपांतर’ करता येतं.

स्लॅबचं उदाहरण घ्या. स्लॅब भरल्याच्या दिवशी ही कार्डं तारखेसकट तयार झाली पाहिजेत:

पाणी मारणं. आयएस ४५६ (काँक्रीटची भारतीय मानक संहिता) प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस, पण कोरड्या आणि कडक उन्हात १० दिवसांपेक्षा कमी नाही. पीपीसीसारखं (पोर्टलंड पोझोलाना) मिश्र सिमेंट असेल तर ते १४ दिवसांपर्यंत न्यावं असं त्याच संहितेत आहे. आपल्याकडे मे महिन्यात यावल-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा १४ च धरा. हे एकच कार्ड, आत १४ ओळींची चेकलिस्ट, रोज एक खूण. इथे ओळींना तारीख लागत नाही कारण काम रोजचंच आहे.

टेकू काढणं. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, जास्त असेल तर १४. तुळईखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत, मिश्र सिमेंटला अभियंत्याला विचारून वाढवायचे. स्लॅब आणि तुळई यांची दोन वेगळी कार्डं करा. ‘सेंट्रिंग काढणे’ असं एकच कार्ड केलं की सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी सगळंच उचलून नेतो, कारण त्याला प्लेटा दुसरीकडे लावायच्या असतात.

स्लॅब भरण्याच्या आधीचंही एक कार्ड आहेच: ‘लाईटचे पाईप आणि पंख्याचे बॉक्स तपासून फोटो काढणे’. फोटो कार्डाला जोडा. नंतर ड्रिल कुठे मारायचं ते त्या फोटोवरून कळतं. फुकट खात्यात एक फाईल १० एमबीपर्यंतच चढते, फोटोला तेवढी पुरते. व्हिडिओ फोनमध्येच ठेवा आणि कार्डावर फक्त तारीख लिहा.

गोमाई

‘अडकलंय’ वर कोणी फारसं बोललं नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते. बाकीचे रकाने चुकले तरी काम उशिरा होतं. हा चुकला तर काम तसंच मरतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा करतोय.

‘अडकलंय’ मध्ये कार्ड जाताना तीन गोष्टी बदलल्याच पाहिजेत:

१. नावाच्या सुरुवातीला कोणाकडे अडकलं ते. ‘तलाठी | वारस फेरफार’, ‘मिस्त्री | जिन्याचं माप’, ‘शाळा | आजोबांच्या दाखल्याची नक्कल’. कार्यालयाचं नुसतं नाव पुरत नाही. कोणत्या टेबलावर आहे ते वर्णनात.
२. तारीख पुन्हा विचारायची. काम कधी होईल ही तारीख तुमच्या हातात नसते, कधी विचारायचं ही असते.
३. शेवटच्या कमेंटमध्ये पावती किंवा अर्ज क्रमांक आणि समोरच्याने काय सांगितलं ते एका ओळीत. ‘१२ तारखेला अर्ज दिला, पोच घेतली, पुढच्या बुधवारी या म्हणाले.’

विचारायची तारीख अंदाजाने टाकू नका. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी १५ दिवस असतात, तेव्हा पाचव्या दिवशी खेटा मारून काही होत नाही. नोटीस निघाल्या तारखेपासून सोळाव्या दिवशीचं कार्ड करा. राज्य सरकारची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, म्हणून तारीख शनिवार-रविवारी पडली तर सोमवार करा. पण सोमवारी गर्दी असते, त्यामुळे मंगळवार बरा.

जात पडताळणी हे एक कार्ड कधीच करू नका. त्यातलं अवघड काम अर्ज भरणं नाही, जुना पुरावा शोधणं आहे. मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे खरी कार्डं अशी:

‘आजोबांची प्राथमिक शाळा कोणती ते आत्याला विचारणे’
‘शाळेत जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासाठी अर्ज देणे’
‘गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसीलला अर्ज देणे’
‘वंशावळ कागदावर काढून काकांकडून तपासून घेणे’
‘सगळ्या दाखल्यांवरची आडनावं आणि नावं जुळतात का बघणे’

शेवटचं कार्ड सगळ्यात आधी करा. एका दाखल्यात ‘पाटील’, दुसऱ्यात मूळ आडनाव, तिसऱ्यात वडिलांचं नाव वेगळ्या अक्षराने, असं आपल्याकडे घरोघरी आढळतं, आणि ते निस्तरायला राजपत्र किंवा शपथपत्र लागलं तर महिना त्यातच जातो.

एक सूचना मनापासून: आधार, पॅन, बँक पासबुक, दाखल्यांचे फोटो बोर्डाला जोडू नका. बोर्डाची दृश्यता ‘खाजगी’ आहे ना ते आजच तपासा. ‘सार्वजनिक’ केलेला बोर्ड ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही उघडू शकतो आणि तो गूगलच्या शोधातही येऊ शकतो. कार्डावर ‘मूळ प्रत: लोखंडी कपाट, हिरवी फाईल’ एवढंच लिहा.

यावलकर

सगळ्यांचे आभार. ‘अडकलंय’ चं वाचून चालूमधली १९ पुन्हा बघितली, त्यातली ११ दुसऱ्या कोणाकडे तरी अडकलेली निघाली.

दोन शंका. लेबलं कशाला वापरायची? मी तातडीचं लाल, मध्यम पिवळं, सावकाश हिरवं असं केलंय. आणि दर आठवड्याला येणारी कामं, म्हणजे ठिबकचा फिल्टर धुणं, व्हेंचुरी (ठिबकमधून खत सोडायचं साधन) तपासणं, ती आपोआप तयार व्हावीत असं काही करता येईल का?

पांझरा

तातडीला लेबल नको. आठ दिवसांत सगळं लाल होतं. तातडी रकान्यातल्या क्रमाने दाखवा: वरचं आधी, खालचं नंतर.

लेबल जागेला द्या. ‘शेत’, ‘यावल’, ‘जळगाव’, ‘फोन’, ‘घर’. जळगावला निघायच्या आदल्या रात्री ‘जळगाव’ लेबलावर फिल्टर लावायचा. जिल्हा कार्यालयातली नक्कल, ड्रिपर, टाईल्सचे नमुने, विद्यापीठात विचारायचं काही, सगळं एका यादीत दिसतं, मग ते ‘या आठवड्यात’ मध्ये असो की ‘पुढे’ मध्ये. एकाच गावाला तीन खेपा होतात त्या इथेच वाचतात.

शेतासाठी अजून दोन लेबलं लागतील: ‘दिवसा लाईट’ आणि ‘रात्री लाईट’. शेतपंपाच्या थ्री फेज लाईटचं वेळापत्रक फिरतं राहतं, म्हणून पाण्याच्या कार्डाला वार द्यायच्या ऐवजी लेबल द्या आणि रविवारी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून कार्डं ओढा.

आता आपोआपचं. ऑटोमेशनमध्ये ‘दर सोमवारी कार्ड तयार कर’ असा नियम बनतो. पण असा नियम लावला आणि तीन आठवडे फिल्टर धुतलाच नाही, तर ‘फिल्टर धुणे’ ची तीन कार्डं उभी राहतात. धुवायचं तर एकदाच आहे. त्यापेक्षा नियम पूर्ण होण्याला बांधा: ‘नियमित’ हे लेबल असलेलं कार्ड ‘झालं’ मध्ये गेलं की त्याची तारीख त्या दिवसापासून सात दिवसांनंतरची कर आणि ते ‘या आठवड्यात’ च्या तळाला ठेव. उशीर झाला तरी कार्ड एकच राहतं. आणि पुढची तारीख ठरलेल्या वारावरून न मोजता खरंच धुतलं त्या दिवसापासून मोजली जाते, फिल्टरला तेच लागतं.

फुकट खात्यात वर्कस्पेसला महिन्याला २५० वेळा नियम चालतात. तुमच्या कामांना ते भरपूर आहेत. फक्त ‘कोणतंही कार्ड हललं की’ असा नियम लावू नका, बोर्ड नीटनेटका करायला बसलात तर एका रात्रीत निम्मे संपतील.

वाघूर

सालदाराबद्दल. त्याला खातं उघडून देऊ नका. फुकटच्या वर्कस्पेसमध्ये १० माणसं बसतात हे खरं, पण बोर्ड बघणं हे त्याच्या दिवसाचं काम नाही. रोज संध्याकाळी तुम्ही ‘हातात’ आणि ‘या आठवड्यात’ वरची शेताची दोन कार्डं बघून त्याला व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा. बोलून पाठवलेलं जास्त नीट पोचतं, आणि बोलीत बोला. धुळे-अमळनेरकडे ‘पानी देनं शे’ एवढं पुरतं. काम झाल्याचा फोटो त्याच्याकडून मागवा आणि कार्ड तुम्ही हलवा.

दर सालदाराला एक कायमचं कार्ड मात्र ठेवा, रकान्यात सगळ्यात खाली. आगाऊ दिलेली उचल, खाडे, धान्य, सगळं कमेंटमध्ये त्या त्या दिवशी. कमेंटला वेळ आपोआप पडते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) हिशेब करायला बसलं की ते कार्ड वरून खाली वाचायचं, आठवणीवर वाद होत नाहीत. त्याच दिवशी त्यालाही आकडा सांगत जा.

घरातली दोन माणसं बोर्डावर घ्या, पण प्रत्येक कार्डाला एकच माणूस लावा. दोघांचे चेहरे एका कार्डावर असले की कोणीच करत नाही. संगणकावर क्यू दाबलं की फक्त आपली कार्डं दिसतात. फोनवर तेच फिल्टरमधून.

अनेर_थडी

शेतात रेंज नसते हे राहून गेलं. फोनचं अॅप रेंजशिवायही कार्ड घेतं आणि रेंज आल्यावर चढवतं. पण एकाच कार्डाचं वर्णन शेतातून एकाने आणि घरून दुसऱ्याने बदलू नका. नवीन माहिती कमेंटमध्ये टाका, त्यात कोणाचं काही पुसलं जात नाही.

आणि शुद्धलेखन. एकदा ‘वीज’, एकदा ‘विज’, एकदा ‘लाईट’ असं लिहिलं तर शोधताना सगळं सापडत नाही. मराठी आकडा की इंग्रजी आकडा, गट नंबर कसा लिहायचा, हे घरात एकदा ठरवून घ्या. आम्ही शिबिरात शेतकऱ्यांना पहिल्या दिवशी दहा शब्दांची यादी करायला लावतो: बाग, गट, मोटर, फिल्टर, तहसील वगैरे. त्यांचं लिखाण एकसारखं झालं की बाकीचं चालतं.

बोरीकाठ

८४ कार्डांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. एकेक वाचत बसू नका, दमाल आणि सोडून द्याल.

रकान्याच्या मेनूतून तारखेप्रमाणे लावा, जुनं सगळ्यात वर. वरची ४० बघा. ज्याला कोणी विचारलेलं नाही, ज्यात पैसे किंवा मुदत अडकलेली नाही, ते आर्काइव्ह. आर्काइव्ह म्हणजे पुसणं नव्हे, शोधून परत आणता येतं. पुसायची आज्ञा त्यानंतर वेगळी द्यावी लागते. उरलेल्यांपैकी केळीची साठवणीच्या बोर्डावर, बांधकामाची तशीच. ‘पुढे कधीतरी’ मध्ये २० च्या वर राहिली तर पुन्हा चाळा.

रविवारी रात्री पंचवीस मिनिटं काढा. आधी ‘अडकलंय’ वरून खालपर्यंत, ज्याची विचारायची तारीख गेली त्याला तिथेच फोनचं कार्ड. मग साठवणीचे बोर्ड, मग ‘या आठवड्यात’ भरणं. ‘झालं’ सगळ्यात शेवटी. महिना संपला की ‘झालं’ मधली कार्डं मोजा, तो आकडा लिहून ठेवा आणि सगळा रकाना एकदम आर्काइव्ह करा. पांझरांचं सूत्र वापरायला तोच आकडा लागतो.

तीन महिन्यांतून एकदा ब्राउझरमधून बोर्डाची प्रत उतरवून घ्या. फुकट खात्यात ती जेसन फाईल म्हणून मिळते. त्यात मजकूर येतो, जोडलेले फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे दुवे. म्हणून स्लॅबचे फोटो फोनमधून पुसू नका.

ट्रेलोच हवं असं काही नाही. वेकान, कॅनबोर्ड, नेक्स्टक्लाउडचं डेक ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, पण स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागतो. फोनवरच चालवायचं असेल तर आहे तेच बरं.

यावलकर

आज बोर्ड नव्याने लावला. बघून सांगा.

आवक: ०
पुढे कधीतरी: १४
या आठवड्यात (१०): ९
हातात (३): ‘जळगावहून ड्रिपर आणणे’, ‘सेंट्रिंग काढून घेणे, स्लॅब’, ‘आत्याला आजोबांची शाळा विचारणे’
अडकलंय: ११, सगळ्यांना माणूस आणि तारीख
साठवण: ‘केळी’ आणि ‘घर’ असे दोन बोर्ड, मिळून ३७

गोमाई

छान झालंय. आत्याचं कार्ड ‘हातात’ आहे तर आत्ताच फोन करा, ते दोन मिनिटांचं आहे.

भुसावळकर

सेंट्रिंगचं कार्ड ‘हातात’ नको. प्लेटा मिस्त्री काढणार, तुम्ही नाही. ‘मिस्त्री | स्लॅबचं सेंट्रिंग’ असं करून ‘अडकलंय’ मध्ये टाका, आणि गाळा किती मीटरचा आहे ते वर्णनात लिहा. तुळईचं वेगळं कार्ड दिसत नाहीये, तेही आजच करा.